पेमगिरीचा महावट

आपल्या घरांतून वड ठाऊक नाहीं असें माणूस विरळा. ज्येष्ठी पौर्णिमा आली कीं सुवासिनींच्या हातीं सुताची गुंडी येते आणि जवळच्या पारावर गर्दी होते. पण हा आपल्या ओळखीचा वड बहुधा देवळाजवळचा, नाहीं तर सडकेच्या कडेचा. त्यास सात काय, एकवीस प्रदक्षिणा घातल्या तरी पाय दुखावयाचे नाहींत. अहिल्यानगर जिल्ह्यांत (२०२४ पर्यंत कागदोपत्रीं अहमदनगर आणि आपल्या बोलण्यांत नुसतें नगर, तोच हा जिल्हा) संगमनेर तालुक्यांतील पेमगिरी गांवच्या रानांत मात्र असा एक वड आहे कीं, त्याची सांवली तीन-साडेतीन एकर पसरली आहे असें तिकडचे लोक सांगतात. ही गोष्ट मीं प्रथम घरीं सांगितली, तेव्हां आत्याबाईंनीं हातांतली वात तशीच धरून विचारिलें, "मग त्याला सूत रे किती लागत असेल?" या प्रश्नाचें उत्तर घरांत कोणासच देतां येईना. अखेरीस चैत्रांत मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर सर्वांनीं मिळून जावें असें ठरलें.

मंडळी एकंदर सात: आत्याबाई, धाकटे बंधु, भावजय, आमची सौ., बंधूंचीं दोन मुलें आणि मी. आत्याबाईंचें वय अठ्ठ्याहत्तर. "एवढ्या उन्हांत त्यांना कशाला?" असें एकदोघांनीं म्हणून पाहिलें, पण त्यांनीं आदल्या रात्रींच दशम्यांचा डबा भरून ठेविला होता, तेव्हां त्या प्रश्नास अर्थ उरला नाहीं.

पुण्याहून नाशिकच्या सडकेनें पहांटे निघालें म्हणजे आळेफाटा, बोटें, घारगांव अशीं गांवें मागें टाकीत, चंदनापुरीचा घाट उतरून, न्याहारीच्या सुमारास संगमनेरास पोंचतां येतें. अंतर एकशें चाळीस किलोमीटरच्या आसपास. संगमनेर हें प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेलें जुनें पेठेचें गांव. प्रवरेच्या कांठची जमीन पाहिली कीं, नगर जिल्हा दुष्काळी आहे हें म्हणणें थट्टेचें वाटूं लागतें. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, तेव्हांपासून या खोऱ्यांत ऊस उभा आहे. परंतु नदी सोडून नैऋत्येस वळलें कीं दहा-बारा किलोमीटरांच्या आंत देखावा पालटतो. प्रवरा आणि मुळा या दोन नद्यांच्या मध्यें बाळेश्वराची डोंगररांग पसरली आहे. ढग आपलें बहुतेक पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर ओतून मग रितेच इकडे येतात. उघडे माळ, बाजरी काढून नेलेलीं शेतें, बांधावर एखादी बाभळ. अशा मुलुखांत, जेथें १९७२ च्या दुष्काळासारखीं वर्षें गेलीं, तेथें एका झाडानें तीन एकर हिरवें राहावें ही गोष्ट प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज पटत नाहीं. संगमनेराहून पेमगिरी वीसेक किलोमीटर आहे.

गांव ओलांडून दोन-तीन किलोमीटर गेल्यावर डोंगराच्या कुशींत एक गर्द राई दिसूं लागली. "झाड कोठें आहे?" म्हणून मुलें विचारूं लागलीं. मोटार थांबवून आम्ही उतरलों, राईंत शिरलों, आणि चार पावलें गेल्यावर बंधु एकदम थबकले. "अरे, हेंच झाड!" ते म्हणाले. राई अशी नव्हतीच. जें होतें तें सारें एकाच वडाचें होतें.

बाहेर उन्हानें दगड तापले होते. आंत येतांच डोळ्यांस क्षणभर अंधार वाटला. मग एकेक खोड दिसूं लागलें. कांहीं दोघांच्या मिठींत न मावणारीं, कांहीं मनगटाएवढीं, आणि कांहीं अद्याप जमिनीस न टेकलेलीं, दोरांप्रमाणें लोंबणारीं. आडव्या फांद्या इतक्या लांब गेलेल्या कीं त्यांचा शेवट पाहावयास नुसती मान वळवून भागत नाहीं. आणि त्या फांद्यांना थोड्या-थोड्या अंतरावर खालून खांब दिलेला. जुन्या वाड्याच्या सोप्यांत तुळईखालीं द्यावा तसा. फरक एवढाच कीं येथें खांब तुळईनें स्वतःच खालीं सोडला. पारंबी प्रथम सुतासारखी बारीक असते. तिचा शेंडा कोंवळा, फिकट; हवेंतील ओलावा घेत ती महिनोन् महिने खालीं उतरत राहते. मातीस लागली कीं मात्र तिचें रूप पालटतें. खालून पाणी मिळूं लागतें, ती जाड होते, ताठ होते, आणि कांहीं वर्षांनीं तिला पारंबी म्हणावें कीं खोड म्हणावें हा प्रश्न पडतो.

मुलांनीं पावलें मोजून घेर काढण्यास आरंभ केला. दोघे दोन दिशांनीं निघाले आणि एकमेकांस भेटल्यावर दोघांचे आंकडे जुळेनात. तेव्हां कोणाचें पाऊल मोठें या वादांत मोजणी राहून गेली. आमच्या सौ.नें आणि भावजयीनें हौसेनें सुताचीं दोन रिळें आणलीं होतीं. हें झाड पाहून दोघींनीं तीं मुकाट्यानें पिशवींत परत ठेविलीं. सुताच्या प्रश्नाचा असा निकाल लागला.

फळें पिकण्याचे दिवस होते. वर पानांत लाल फळें दिसत होतीं आणि पक्ष्यांची एकच गडबड चालली होती. तांबटाची ठकठक तेवढी ओळखूं आली. हिरव्या पिवळ्या हरियालांचा एक थवा भुर्रकन् उडाला तेव्हांच तो तेथें होता हें कळलें, कारण बसलेला हरियाल पानांत दिसत नाहीं. हा पक्षी आपल्या राज्याचा मानाचा पक्षी आहे. खरें पाहतां वडाचें फळ म्हणजे फळ नव्हे, ती फुलांची पिशवी आहे. फुलें आंतल्या अंगास असतात, म्हणूनच वडास फूल येत नाहीं असें आपण समजतों. पिशवीच्या तोंडाशीं एक सूक्ष्म भोंक असतें; त्यांतून चिलटाहून लहान असा एक गांधीलमाशीच्या कुळांतला कीटक आंत शिरतो, तेथेंच अंडीं घालतो आणि त्याच येण्याजाण्यानें पराग इकडचा तिकडे होतो. उंबर फोडलें कीं केंबरीं निघतात, तोच हा प्रकार. मात्र उंबराचा कीटक निराळा आणि वडाचा निराळा. हा एवढासा जीव नाहींसा झाला तर एवढ्या मोठ्या वृक्षास बीज धरणार नाहीं. पुढें पक्षी तीं फळें खातात आणि बीं दूर कोठें तरी, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यांत किंवा पडक्या भिंतीवर टाकतात. म्हणजे वड जन्मास येतो तो पुष्कळदां दुसऱ्याच्या घरीं पाहुणा म्हणून. आणि कालांतरानें तो पाहुणा घरमालकासच गिळून टाकतो, हेंही सांगितलें पाहिजे. वडाचें सगळेंच कांहीं साधुपणाचें नाहीं.

एका खोडाशीं शेळ्या घेऊन एक वृद्ध गृहस्थ बसले होते. धाकट्यानें एक लोंबती पारंबी धरून झोंका घेण्याचा बेत केला, तोंच ते ओरडले, "ए बाळा, सोड ती! शेंडा मोडंल तिचा." मुलानें हात काढला. शेंडा मोडला तर पारंबीची वाढ खुंटते, किंवा भलतेच फुटवे फुटून ती जमिनीपर्यंत पोंचण्यास आणखी वर्षें लागतात. बाबांनीं वनस्पतिशास्त्राचें पुस्तक पाहिलें नसेल. पण ही गोष्ट त्यांच्या रोजच्या पाहण्यांतली होती.

मग गोष्टी निघाल्या. झाडाखालीं जाखमतबाबाचें स्थान आहे. तेथली कथा अशी सांगतात कीं, फार पूर्वीं या रानांत एक वाघ माजला होता. जाखमत नांवाचा रामोशी त्याच्याशीं झुंजला. झुंजींत वाघ मेला आणि तोही मेला. लोकांनीं त्या जागीं त्याचें स्थान बांधलें आणि वड लावला. रामोशी पूर्वीं गांवची राखण करीत. या रामोशाचें राखणीचें काम मेल्यावरही सुटलें नाहीं असें म्हणावें लागतें, कारण त्याच्या धाकानें या झाडाची फांदी कोणी तोडीत नाहीं. बाबा म्हणाले कीं वाळून पडलेलें लांकूडही चुलींत घालावयाचें नाहीं. वाघ त्या मुलुखांतून कधींच नाहींसा झाला. हल्लीं बिबट्या आहे, आणि तो रानापेक्षां प्रवरेकांठच्या उसांत अधिक राहतो.

आत्याबाई हें सर्व ऐकत होत्या. त्यांनीं विचारिलें, "बाबा, यांतलें मूळ झाड कोणतें हो?"

बाबा हंसले. "समदंच मूळ हाय, माई. ह्यातलं कोन आधी आन् कोन मागनं, त्ये झाडालाबी ठावं नसंल."

हें उत्तर त्यांस वाटलें असेल त्याहून अधिक शास्त्रशुद्ध आहे. थंड देशांतील झाडांचें वय खोडांतील वलयें मोजून काढतात. वडास तशी भरंवशाचीं वार्षिक वलयें नसतात. शिवाय जुनें खोड आंतून कुजून गेलें तरी पारंब्यांवर झाड उभें राहतें, मग मोजावयाचें काय? याचें प्रसिद्ध उदाहरण कलकत्त्याजवळ हावड्याच्या वनस्पति-उद्यानांत आहे. तें उद्यान १७८७ सालीं स्थापन झालें आणि तेथील वड त्याहूनही जुना समजतात. १८६४ व १८६७ च्या वादळांत त्याच्या फांद्या मोडल्या, जखमांतून बुरशी शिरली, आणि १९२५ सालीं मूळ खोड, ज्याचा घेर पंधरा मीटरांहून अधिक होता, तें कापून काढावें लागलें. तेव्हांपासून शंभर वर्षें तें झाड मधल्या खोडावांचून उभें आहे आणि वाढत आहे. तीन हजारांहून अधिक पारंब्यांनीं त्यास तोलून धरलें आहे. आंध्रांतील तिम्मम्मा मर्रिमानु हा वड तर पावणेपांच एकरांच्या घरांत जातो. १९८९ सालीं त्याची नोंद जगांतील सर्वांत विस्तीर्ण वृक्ष म्हणून गिनेसच्या पुस्तकांत झाली. नर्मदेच्या पात्रांतील भडोचजवळचा कबीरवड अठराव्या शतकांत जेम्स फोर्ब्स या इंग्रजानें पाहिला, तेव्हां त्याचा घेर दोन हजार फुटांच्या जवळपास भरला असें त्यानें लिहून ठेविलें आहे. पुढें पुरांनीं त्याचा पुष्कळ भाग खाल्ला. अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर आलेल्या ग्रीकांनाही या झाडाचें मोठें नवल वाटलें होतें, आणि थिओफ्रास्टसच्या वनस्पतिग्रंथांत फांद्यांतून मुळें सोडणाऱ्या या भारतीय वृक्षाचें वर्णन आलें आहे.

परंतु या थोर वृक्षांच्या यादींत एक धाक देणारें उदाहरण आहे. तेलंगणांत महबूबनगरजवळ पिल्ललमर्री नांवाचा कित्येक शतकांचा वड आहे. तेथें सहलींची फार गर्दी होऊं लागली. झाडास वाळवी लागली, एक मोठी फांदी कोसळली, आणि २०१७ च्या अखेरीस तें ठिकाण लोकांस बंद करावें लागलें. मग रोग्यास सलाईन लावावी त्याप्रमाणें त्या झाडास बाटल्या टांगून थेंबाथेंबानें औषध दिलें, फांद्यांना टेकू दिले, तेव्हां तें सांवरलें. झाडास काय हवें असतें? पारंबीस उतरावयास मोकळी, भुसभुशीत माती, आणि उतरेपर्यंत कोणी हात लावणार नाहीं एवढी खात्री. हावड्यास कोंवळ्या पारंब्यांभोंवतीं बांबूच्या नळ्या बसवून त्यांस जपून जमिनीपर्यंत आणतात. आपण मात्र जुन्या वडाचा मान करावयाचा म्हणजे त्याच्याभोंवतीं सिमेंटचा चौथरा बांधतों. कित्येक गांवीं मीं हें पाहिलें आहे: पारंबी खालीं येते, फरशीस टेकते, आणि तेथेंच वाळते. चौथरा शोभिवंत दिसतो, आणि पुढील पन्नास वर्षांचा खांब गेलेला असतो.

पेमगिरीच्या झाडावरही पाहुण्यांच्या खुणा दिसल्या. कांहीं पारंब्यांना गांठी मारलेल्या. एका खोडावर बदामाच्या चित्रांत दोन नांवें कोरलेलीं, आणि त्यांतून ओघळलेला चीक वाळून काळा झालेला. गांवच्या मनुष्यास जाखमतबाबाचा धाक आहे. पन्नास कोसांवरून मोटारीनें येणारास तो कोठून असणार? मी त्या धाकाची टिंगल करण्यास तयार नाहीं. १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आणि २०२१ सालीं त्यांत पन्नास वर्षांवरील वृक्षांसाठीं झालेली 'वारसा वृक्षां'ची सुधारणा या दोन्ही गोष्टी नागरी क्षेत्रांपुरत्या आहेत. डोंगराच्या कुशींतल्या या वडापर्यंत तो कायदा पोंचत नाहीं. तेथें आजवर राखण केली ती एका रामोशाच्या कथेनेंच.

आणि पाहुण्यांस कशाला नांवें ठेवा! ज्येष्ठी पौर्णिमेस शहरांतील आपल्या घरीं काय होतें? पारापर्यंत जाण्यास सवड नाहीं, म्हणून मंडईंतून वडाची फांदी आणावयाची, पाटावर उभी करून पूजावयाची, आणि दुसऱ्या दिवशीं ती कचऱ्यांत. एका शहरांत अशा किती फांद्या विकल्या जातात याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. परंतु त्या दिवशीं सकाळीं मंडईच्या दारांतले ढीग पाहिले म्हणजे सडकेवरील वडांची काय स्थिति झाली असेल याची कल्पना येते. ज्या झाडाखालीं सावित्रीनें पतीचे प्राण परत मिळविले, त्याचे अवयव तोडून तें व्रत पुरें होतें असें कोणत्या शास्त्रानें सांगितलें? आमच्या घरींही पुष्कळ वर्षें फांदीच येत होती. हें बोलणें तेथें झाडाखालींच निघालें, आणि भावजय म्हणाली, "पाटावर वडाचें चित्र काढलें तर काय बिघडेल? नागपंचमीला नाग चित्राचाच असतो ना!" यावर कोणास कांहीं हरकत सुचली नाहीं.

जेवणें झालीं. दशम्या, लसणीची चटणी आणि दहीं; बाबांनाही पान वाढलें, आणि त्यांनीं फडक्यांतून कैऱ्या काढून मुलांना दिल्या. नंतर सौ. आणि भावजय प्रदक्षिणेस निघाल्या. आत्याबाई बसूनच राहिल्या.

येथें थोडें घरचें सांगणें प्राप्त आहे. आत्याबाई तिसाव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं आल्या. आमच्या घरची वटपौर्णिमा गेलीं अठ्ठेचाळीस वर्षें त्यांच्याच हातची: आंबे निवडावयाचे त्यांनीं, वाणाचीं सुपें लावावयाचीं त्यांनीं, कहाणी सुनांकडून म्हणून घ्यावयाची त्यांनीं. मात्र सर्वजणी पाराकडे निघाल्या कीं त्या स्वयंपाकघरांत वळत. त्यांस 'येऊं नका' असें कोणी कधीं म्हटलें नाहीं. 'चला' असेंही कोणी म्हटलें नाहीं. २०२२ सालीं कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामसभेनें विधवांच्या बाबतींतील अनिष्ट चाली बंद करण्याचा ठराव केला आणि वर्तमानपत्रांतून त्याची पुष्कळ वाखाणणी झाली. ती वाखाणणी आमच्या घरांतही झाली, दिवाणखान्यांत, मोठ्यानें वाचून. स्वयंपाकघरांत कोणी गेलें नाहीं.

बाबांनीं त्यांच्याकडे पाहून सहज विचारिलें, "माई, तुम्ही न्हाई जात फिराया?"

"मी कशी जाऊं, बाबा?" त्या म्हणाल्या.

बाबांस तें कळलेंच नाहीं. त्यांस वाटलें कीं पाय दुखत असतील. "सावकाश जावा की. सावलीच हाय समदी. ही काठी घ्या." आणि त्यांनीं शेळ्या हांकण्याची काठी पुढें केली.

आत्याबाईंनीं ती काठी घेतली. मी उठूं लागलों, तर त्यांनीं हातानेंच नको म्हटलें. खांबांमधून त्यांचें पांढरें लुगडें दिसे, नाहींसें होई, पुन्हां दिसे. अर्ध्या वाटेंत सौ. आणि भावजय त्यांस भेटल्या असाव्यात, कारण त्यापुढें तिघी बरोबर आल्या. कोणी बोलत नव्हतें. सबंध फेरीस बराच वेळ लागला. परत आल्यावर त्यांनीं जवळच्या एका खोडावर तळहात टेकला, क्षणभर तसाच ठेविला, आणि मग काठी बाबांस देऊन म्हणाल्या, "फार मोठें झाड आहे हो तुमचें."

निघतांना त्यांनीं बाबांजवळ परसांत लावावयास लहानशी फांदी मागितली. वड फांदी लावूनही येतो, हें त्यांस माहीत होतें. बाबांनीं साफ नकार दिला. "फांदी न्हाई, माई. फळं पडल्यात, ती वेचा." त्यांनीं मूठभर फळें पदरांत घेतलीं. पांखरांच्या पोटांतून गेलेलें बीं जसें रुजतें तसें हें रुजत नाहीं, हें मी बोललों नाहीं.

सायंकाळीं आम्ही पेमगिरीचा गड पाहिला. आत्याबाई खालीं गांवांत देवळाच्या ओट्यावर बसल्या. या गडास शहागड आणि भीमगडही म्हणतात. वर पेमादेवीचें देऊळ आहे, खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं आहेत, आणि तटबंदी म्हणावी असें फारसें उरलेलें नाहीं. तरी मराठ्यांच्या इतिहासांत या उघड्या माथ्याचें स्थान मोठें आहे. १६३३ सालीं दौलताबाद मोंगलांच्या हातीं पडलें, निजामशहा कैद झाला, आणि ती शाही संपली असें सर्वांनीं धरलें. तेव्हां शहाजीराजांनीं निजामशाही घराण्यांतील मुर्तजा नांवाचें एक लहान मूल शोधून आणलें, या गडावर त्यास गादीवर बसविलें आणि त्याच्या नांवानें कारभार चालविला. खोड पडलें असतां राज्य सुमारें तीन वर्षें एका पारंबीवर उभें राहिलें. १६३६ सालीं माहुलीस वेढा पडला, तह झाला आणि तें मूल मोंगलांच्या स्वाधीन करावें लागलें. शिवाजीमहाराज त्या वेळीं सहा वर्षांचे होते. खालचा वड तेव्हां होता काय, हा प्रश्न मुलांनीं विचारिला. असता तर त्याच्या सांवलींत राजांचे घोडे बांधले असतील, असेंही त्यांनींच ठरवून टाकलें.

जाणारांसाठीं दोन शब्द. संगमनेरास उतरण्याजेवण्याची सोय चांगली आहे. झाडाजवळ मात्र कांहीं मिळेल असें धरून चालूं नये, पाणी बरोबर न्यावें. सकाळीं लवकर पोंचल्यास पक्षी पुष्कळ दिसतात. फळांच्या दिवसांत पांढरे कपडे घालूं नयेत. पावसाळ्यांत डोंगर हिरवा असतो आणि पारंब्यांना नवे शेंडे फुटतात, परंतु त्या दिवसांत खालची माती ओली असते व माणसांच्या पायांखालीं चेपून घट्ट होते, तेव्हां मोठा मेळा घेऊन जाणें टाळावें. जेवण झाल्यावर पत्रावळी आणि कागद आपल्याबरोबर परत आणावे. मुलांस झोंका हवाच असेल तर गांवाकडे परततांना चिंचेचीं झाडें लागतात. त्यांची फांदी झोंका सोसते.